तीन दिवस बसून राहिलेला काळ

छत्तीस वर्षे संस्कृत आणि जुनी जावानी शिकवून निवृत्त झाल्यानंतर, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, यंत्राच्या पोटातील एक चूक दुरुस्त करण्याचे कार्य माझ्या हातून घडावे असे विधिलिखित असले पाहिजे. कारण माझी स्वतःची तशी इच्छा मुळीच नव्हती. माझी इच्छा एवढीच होती की, माझ्या नातीचे दात चांगल्या दिवशी कानसले जावेत.

लुह ही माझी एकुलती एक नात. ती सानूरच्या एका हॉटेलात नोकरी करते आणि आठवड्यातून एकदा घरी येते. तिचा दंतसंस्कार करावयाचा राहिला होता. षड्रिपूंची धार बोथट व्हावी म्हणून वरचे सहा दात कानशीने सारखे करण्याचा हा विधी लग्नाआधी उरकणे बरे, असे माझ्या पत्नीचे मत होते, आणि आमच्या घरात मत तेवढे एकच असते. गालुंगानचा सण होऊन चार दिवस झाले होते. सणानंतर पस्तीस दिवस शुभकार्ये वर्ज्य असतात, म्हणून ती मुदत संपल्यावर येणारा पहिलाच रविवार पत्नीने निश्चित केला.

"फोनवर 'श्री' दाखवतंय," ती म्हणाली. "श्रीपेक्षा चांगला वार आणखी कुठून आणायचा?"

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्याकडे सात वारांच्या आठवड्याबरोबर आठ वारांचाही एक आठवडा चालतो. श्री, इंद्र, गुरू, यम, रुद्र, ब्रह्मा, काळ आणि उमा, असे ते आठ वार. शुभाशुभ पाहताना या अष्टवाराला मोठा मान आहे. मी सवयीने तो रविवार बोटांवर मोजला, आणि माझे बोट श्रीवर न थांबता काळावर थांबले. पुन्हा मोजला. नंतर पेटीतून वडिलांची ताडपत्रे काढली, त्यांना धूप दाखवला, नमस्कार केला आणि तिसऱ्यांदा मोजला. रविवार काळाचाच होता. काळाच्या दिवशी आमच्याकडे कोणी कुंपणाची काठीसुद्धा रोवत नाही. तेथे नातीच्या तोंडात कानस घालावयाची होती.

मी हे पत्नीच्या कानी घातले.

"ब्ली," ती म्हणाली (बाली बेटावर बायको नवऱ्याला अशीच थोरल्या भावासारखी हाक मारते, आणि धाकट्या भावासारखे वागवते), "परवा चष्मा डोळ्यांवर ठेवून तुम्ही चष्मा शोधत होता. फोन असं कधी करत नाही."

भिंतीवरच्या छापील दिनदर्शिकेचा आधार घ्यावा म्हणून मी उठलो. परंतु ती दिनदर्शिका सहकारी पतपेढीने भेट दिलेली होती, आणि तिच्यावर अध्यक्षांचे छायाचित्र एवढे भव्य होते की अष्टवारांना जागाच उरलेली नव्हती.

मग मी देवळाचे पुजारी जेरो मांग्कू यांच्याकडे गेलो. त्यांनी माझे म्हणणे डोळे मिटून ऐकले, शिरोवस्त्राच्या घडीतून फोन काढला, तोही डोळ्यांजवळ नेऊन पाहिला आणि अत्यंत करुणेने म्हणाले, "पाक गुरू, श्रीच आहे. तुम्ही आता विश्रांती घेत चला." पाक गुरू म्हणजे गुरुजी; निवृत्तीनंतरही गाव मला तेच म्हणते.

संपूर्ण गाव 'वारिगा साकू' नावाच्या एकाच ॲपवर दिवस पाहत होते. मी काय ते समजून चुकलो. दोनशे दहा दिवसांच्या आमच्या वर्षाला आठाने भागले तर दोन दिवस शिल्लक राहतात. त्या दोन दिवसांचे करावयाचे काय? आमच्या पूर्वजांनी त्याची फार सुंदर व्यवस्था लावली आहे. गालुंगानच्या आधी रविवारी, सोमवारी आणि मंगळवारी, असे ओळीने तीन दिवस काळच असतो. काळ तीन दिवस बसून राहतो, उठत नाही. मग उमा येते आणि गणित जुळते. ॲपमधील काळ मात्र एकच दिवस बसून उठला होता, आणि त्यामुळे गालुंगानपासून पुढचा प्रत्येक वार दोन घरे पुढे धावत होता.

रविवारी लुह घरी आली. तिने सर्व ऐकले आणि तांदळाच्या वड्या खाता खाता म्हणाली, "मग दुरुस्त करा ना, पेकाक." पेकाक म्हणजे आजोबा.

"मी? ते कोणाचे आहे, कोठे आहे, मला काय ठाऊक?"

"कुणाचंच नाही आणि सगळ्यांचं आहे. ओपन सोर्स आहे ते. आतलं सगळं लिहिलेलं उघडं असतं. कुणीही वाचायचं, चूक दिसली तर स्वतःच्या प्रतीत दुरुस्त करायची, आणि मूळ प्रत सांभाळणाऱ्याला विनंती करायची की ही दुरुस्ती घ्या."

हे ऐकून मी सद्गदित झालो. ही तर आमच्या ताडपत्रांचीच परंपरा! शेकडो वर्षे आमच्याकडे ग्रंथ असेच नकलून घेतले गेले, आणि जाणत्याने नक्कल करता करता आधीच्या लेखनिकाची चूक सुधारली. यंत्रांच्या जगात असे सत्पुरुष वावरत असतील याची मला कल्पना नव्हती. मी त्याच दिवशी कामास बसलो. दंतसंस्कारास पाच आठवडे होते. एका ओळीच्या दुरुस्तीला मी दोन दिवस धरले.

पहिला दिवस माझे नाव लिहिण्यात गेला.

माझे नाव ई नेंगाह विर्याना. यातील 'ई' हा मी पुरुष असल्याचा निर्देश, 'नेंगाह' म्हणजे दुसरे अपत्य, आणि 'विर्याना' एवढेच काय ते माझे स्वतःचे. आडनाव आमच्याकडे नसते. संकेतस्थळाने आधी पहिले नाव विचारले. मी 'ई' लिहिले. पहिल्या नावात किमान दोन अक्षरे हवीत, असे उत्तर आले. सात पिढ्या आमचे पुरुष एका अक्षरावर पुरुष ठरत आले आहेत, हे त्या यंत्रास कोणी सांगावे?

याच वेळी भिंतीवरून मादे रेंतिन यांचे डोके वर आले. हे आमचे शेजारी. एकतीस वर्षे टपाल कचेरीत होते, त्यांपैकी बावीस वर्षे तारखेच्या शिक्क्यावर. रोज सकाळी शिक्क्यातील अंक एकाने पुढे सरकवणे हे त्यांचे काम. ते त्यांनी एकदाही चुकवले नाही, आणि ही गोष्ट त्यांनी मला जितक्या वेळा सांगितली आहे तितक्या वेळा मी गायत्रीही म्हटली नसेल.

"दोनदा लिहा," ते म्हणाले. "रकाना रिकामा राहिला की आम्ही असंच करायचो. ई-ई. झालं काम."

मी तसे लिहिले. काम झाले, आणि त्या क्षणापासून त्या जगात मी ई-ई नेंगाह झालो. ते नाव आता बदलता येत नाही, असे मला कळवण्यात आले आहे.

"आणि घाबरू नका, पाक गुरू," रेंतिन पुढे म्हणाले. "त्या ॲपवाल्यांना मी ओळखतो. एकदा पत्रव्यवहार झालाय आमचा. सज्जन लोक आहेत. सांगितलं की ऐकतात."

मी विचारले नाही. रेंतिन यांचा सेवाकाळात कोणाशी पत्रव्यवहार झाला नव्हता, हेच शोधावे लागले असते.

दुसऱ्या दिवशी मी माझी प्रत उतरवून घेतली आणि वाचावयास बसलो. ती भाषा विलक्षण होती. तीत सर्व क्रियापदे आज्ञार्थी. विध्यर्थ नाही, आशीर्वादार्थ तर नाहीच. सतत कोणीतरी कोणालातरी दटावीत असल्यासारखे वाटे. परंतु अष्टवारांची नावे मधूनच ओळखीच्या चेहऱ्यांसारखी दिसली, आणि त्यांच्या खुणेने मी इष्ट स्थळी पोहोचलो. तेथे प्रत्येक बदलाचा इतिहास जपलेला असतो. काढून टाकलेल्या ओळीही तांबड्या रंगात दिसतात. काळाला तीन दिवस बसवणाऱ्या तीन ओळी तेथे तशाच तांबड्या पडून होत्या. शेजारी टीप होती: "तक्रार क्रमांक ४१ प्रमाणे पुनरुक्ती काढली."

क्रमांक ४१ उघडून मी पाहिला नाही. चूक करणाऱ्याचे नाव शोधणे आमच्या गुरुपरंपरेत असभ्य मानले जाते. ताडपत्राचा लेखनिक शेवटी 'माझ्या दोषांची क्षमा असावी' असे लिहितो आणि वाचणारा ती करतो. एवढ्यावर आमचे वाङ्मय टिकले आहे.

मी त्या तीन ओळी पुन्हा लिहिल्या. लेखनाच्या आरंभी, प्रत्येक ग्रंथाच्या आरंभी असते तसे, 'ॐ अविघ्नमस्तु' लिहिले. अखेरीस लेखनिकाची क्षमायाचना लिहिली: मी मंदबुद्धी, माझे अक्षर खेकड्याच्या पायांसारखे वाकडे, थोरांनी उणे ते भरून काढावे, माझ्यावर हसू नये, आणि या पापाचा भार माझ्या वंशजांवर पडू नये. तीन ओळींच्या दुरुस्तीस सदतीस ओळींची क्षमायाचना झाली. प्रमाण योग्यच होते. मी ते सर्व पाठवून दिले.

एका क्षणात उत्तर आले. "प्रिय ई-ई, ही तुमची पहिलीच भर आहे असे दिसते. तुमचे स्वागत असो. कृपया नियमावली वाचावी. आपला, ओत्सो." इतका तत्पर गृहस्थ मी आयुष्यात पाहिला नव्हता. मी त्यांना सविस्तर पत्र लिहिले. आभार मानले, त्यांच्या गावचे हवामान विचारले, मातोश्रींच्या प्रकृतीची चौकशी केली. क्षणात उत्तर आले. "प्रिय ई-ई, तुमचे स्वागत असो. कृपया नियमावली वाचावी." प्रकृतीविषयी अक्षर नव्हते. काही दुःखद घडले असावे असे समजून मी सांत्वनपर दोन ओळी लिहिल्या. पुन्हा तेच. शब्द तेच, विरामचिन्हेही तीच. शोकातही एवढे स्थैर्य मला कोणत्याही मुनीत आढळले नव्हते.

संध्याकाळी लुहचा फोन आला. "पेकाक, ओत्सो माणूस नाहीये. आपोआप उत्तर देणारा प्रोग्राम आहे तो."

"मी त्यांच्या मातोश्रींची चौकशी केली होती."

"वाचलं मी. ते उघडंच असतं, सगळ्यांनी वाचलंय. अकरा जणांनी खाली बदाम टाकलेत."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आणि तुमच्या दुरुस्तीवर लाल फुली आलीय," ती म्हणाली. "यंत्र म्हणतंय, पहिल्याच ओळीत अनोळखी शब्द आहे. पेकाक, तुम्ही आत 'ॐ अविघ्नमस्तु' का लिहिलंय?"

"विघ्न येऊ नये म्हणून."

"त्यानंच आलंय."

ती ओळ काढण्यास मी स्पष्ट नकार दिला. आमच्या घराण्यात ती ओळ न लिहिता कोणी वाण्याची यादीही केलेली नाही. यावर लुहने तोड काढली. ओळीच्या आरंभी एक जाळीसारखे चिन्ह दिले की, यंत्र ती ओळ न वाचता ओलांडून जाते. ती केवळ माणसांसाठी उरते. देवाचे नाव कोणी न वाचता ओलांडून जावे, हे आधी माझ्या मनाला लागले. परंतु पुष्कळ विचारांती असे वाटले की, जो वाचू शकतो त्याच्यासाठीच ते लिहिलेले असते. यंत्राच्या उद्धाराची जबाबदारी माझ्यावर नाही. मी अडतीस ओळींपुढे अडतीस जाळ्या घातल्या. लाल फुली जाऊन हिरवी खूण आली.

मग आठ दिवस काहीही झाले नाही. नवव्या दिवशी ओत्सोचे पत्र आले: "प्रिय ई-ई, या विनंतीवर काही हालचाल दिसत नाही. ती निर्जीव समजून बंद करावी काय?" मी ताबडतोब लिहिले की विनंती जिवंत आहे, आणि तिचा जनकही.

अखेर मूळ प्रत सांभाळणाऱ्या बाईंचे पत्र आले. पिर्क्को त्यांचे नाव. फिनलंडमध्ये ओउलू येथे राहतात. अठरा वर्षांपूर्वी एक महिना बालीत राहिल्या, आमच्या कालगणनेवर मोहित झाल्या, आणि परतल्यावर त्यांनी हे ॲप रचले. त्यांनी फार नम्रपणे लिहिले होते. "आपली क्षमायाचना मी दोनदा वाचली. माझ्यापुढे अडचण अशी आहे की, तुमच्याच बेटावरील एका माहीतगार गृहस्थांनी तीन काळांना चूक म्हटले होते. आता आपण ते बरोबर म्हणता. मी दूरची, कोणाचे खरे मानू? तिकडच्या आणखी दोन जाणकारांनी येथे संमती लिहावी, म्हणजे मी आपली दुरुस्ती घेईन."

दोन.

ज्याने हा नियम केला त्याला आमची बान्जार ठाऊक नव्हती. बान्जार म्हणजे आमच्या वस्तीतील त्र्याण्णव घरांची सभा. सभामंडपावर आलेली आंब्याची फांदी तोडावयाची तरी त्र्याण्णव माना हलाव्या लागतात. मी दोघांना विचारले असते, तर उरलेल्या एक्याण्णवांनी 'आम्हाला का नाही' असे तोंडाने विचारले नसते. माझ्या तिरडीला खांदा देण्याच्या दिवशी विचारले असते. सुदैवाने पस्तीस दिवसांनी भरणारी सभा त्याच आठवड्यात होती, आणि तीत लुहच्या विधीच्या कामाची वाटणीही व्हावयाची होती. एकदा सभेने कामे वाटली की तारीख हलत नाही. मला तेथेच बोलणे भाग होते.

सभामंडपातील लाकडी घंटा वाजली. सर्वजण चटयांवर बसले. मी उभा राहून काळाच्या तीन दिवसांविषयी बोललो. कदाचित थोडे अधिक बोललो. सभेचे प्रमुख, क्लियान न्योमान दार्सा, यांनी जांभई आवरली.

"म्हणजे फोन चुकलाय," ते म्हणाले. "सगळ्यांचे, की फक्त तुमचा?"

"सर्वांचे."

"आणि बरोबर फक्त तुम्ही?"

मागून कोणीतरी म्हणाले, "दादोंगना विचारा. घरात कोण बरोबर असतं ते त्या सांगतील." दादोंग म्हणजे आजीबाई, अर्थात माझी पत्नी. ती बायकांच्या रांगेत केळीची पाने दुमडीत होती. तिने मान वर केली नाही, पण दुमडण्याचा वेग वाढवला.

तेव्हा माझ्या साहाय्यास मादे रेंतिन धावले. "पाक गुरू खोटं बोलणार नाहीत. तिकडून दोन सह्या मागवल्यात. दोन मागितल्यात म्हणजे त्यांना आपली संख्या माहीत नाही. आपण सगळेच देऊ. मी त्यांना ओळखतो, त्यांना बरं वाटेल."

हा प्रस्ताव सभेस एकदम पटला. रेंतिन बाकावर उभे राहून सांगू लागले, आणि त्र्याण्णव घरांनी त्र्याण्णव फोन काढले. "पहिल्या नावात एकच अक्षर असेल तर दोनदा लिहा. सगळ्यांनी 'आम्हास मान्य आहे' एवढंच लिहा. जास्त काही नको." तरीही एकाने बदके विकावयाची असल्याचे लिहिले, आणि एका विधुराने बाई एकट्या राहतात काय, असे विचारले. मला भरून आले. माझ्या तीन ओळींसाठी एवढी माणसे मान खाली घालून बसली होती. छत्तीस वर्षांच्या अध्यापनात एकाही वर्गाने असे केले नव्हते.

सातव्या मिनिटाला सर्वांच्या फोनवर एकाच वेळी कुलपाचे चित्र उमटले.

पिर्क्कोबाईंचा खुलासा अर्ध्या तासात आला, तो मी सभेपुढे वाचून दाखवला. एकाच गावातून सात मिनिटांत नव्वदांहून अधिक नवी खाती उघडली, त्यांपैकी साठ 'ई-ई' नावाची. यंत्रणेने हा हल्ला समजून सर्व दारे बंद केली. "आपला हेतू वाईट नसावा असे मला वाटते," त्यांनी लिहिले होते, "परंतु आता नवी संमती मी घेऊ शकत नाही. एकच मार्ग उरतो. क्रमांक ४१ ज्यांनी लिहिला त्यांचे खाते जुने आणि विश्वासाचे आहे. त्यांनी आपली तक्रार मागे घेतली, तर मी त्याच दिवशी बदल करीन."

क्लियाननी निर्णय दिला. "बान्जार फोनच्या विरुद्ध जाणार नाही, गुरूच्याही विरुद्ध जाणार नाही. कानस चालवणाऱ्या जेरो सांगिंगना बुधवारी दिवस कळवायचाय. तोपर्यंत फोननं आणि गुरूनं आपसांत मिटवावं. नाही मिटलं तर रविवार."

परतताना पत्नी म्हणाली, "पोरीच्या सोहळ्याआधीच गावाला कुलूप लावलंत, ब्ली." हे तिने शांतपणे म्हटले, म्हणून अधिक लागले. ती काळाच्या दिवशी नातीचे डोके मांडीवर घेऊन बसणार होती, आणि तिला ते ठाऊकही असणार नव्हते. मला ठाऊक असणार होते.

सोमवारी सकाळी, गुरुपरंपरेची क्षमा मागून, मी क्रमांक ४१ उघडला. दीड वर्षापूर्वीची तक्रार होती.

"आदरणीय महोदय, आपल्या यंत्रात सलग तीन दिवस एकच वार पडला आहे. माझ्या एकतीस वर्षांच्या सेवेत माझ्या शिक्क्याने असे एकदाही केले नाही. त्वरित दुरुस्ती व्हावी. मादे रेंतिन, निवृत्त, तारीख शिक्का विभाग, क्लुंगकुंग."

मी ताडपत्रे घेऊन भिंतीपलीकडे गेलो. रेंतिन ओसरीवर आपल्या झुंजीच्या कोंबड्याच्या मांड्या चोळीत होते. मी फोन त्यांच्यापुढे धरला. त्यांनी वाचले. कोंबडा हातातून सुटून अंगणात गेला, तो त्यांनी जाऊ दिला.

"भाषा चांगली आहे," ते म्हणाले.

"उत्तम आहे."

"मी विसरूनच गेलो होतो. ॲप नवीन घेतलं होतं. बघतो तर तीन दिवस एकच वार. मला झोप लागेना." त्यांनी फोन परत दिला. "पाक गुरू, खरंच तीन दिवस बसतो तो?"

"बसतो."

"कुणाच्या आदेशानं?"

"पूर्वजांच्या."

"लेखी आहे?"

मी ताडपत्र उलगडले. त्यांनी हात धुतले, नमस्कार केला, आणि बोट न टेकवता पाहिले. मग एका जुन्या टपाली पावतीच्या पाठीवर दोनशे दहाला आठाने भागले. पुन्हा भागले.

"दोन उरतात," ते म्हणाले.

"उरतात. तुम्ही काय केले असते?"

"टपालात धनी नसलेली पत्रं यायची. फेकता येत नाहीत, वाटताही येत नाहीत. त्यांच्यासाठी एक वेगळा खण असतो."

"पूर्वजांनी ते दोन दिवस काळाच्या खणात ठेवले."

रेंतिन त्या भागाकाराकडे पाहत राहिले. "म्हणजे नियमाप्रमाणं आहे," ते हळूच म्हणाले. "बावीस वर्षांत एक अंक चुकला नाही माझा. आणि घरी बसल्या बसल्या सगळ्या बेटाचा शिक्का दोन घरं पुढं नेला मी. दीड वर्ष. किती जणांची लग्नं झाली असतील."

अपराध्यास धीर देणारे श्लोक मला पुष्कळ येतात. पण त्यांत टपाल कारकुनाचा उल्लेख नाही.

"हे उघडं दिसणार, ना?" त्यांनी विचारले. "सगळ्यांना?"

"दिसेल. माझी मातोश्रींची चौकशीही दिसते."

"तुम्ही चौकशी केलीत. ते वेगळं." ते आत गेले. स्वच्छ सदरा घालून, केस विंचरून बाहेर आले, आणि फोन मांडीवर ठेवून एका बोटाने लिहू लागले. "आदरणीय महोदया, माझी तक्रार क्रमांक ४१ मी मागे घेत आहे. काळ तीन दिवस बसतो तो नियमाप्रमाणे बसतो. चूक यंत्राची नव्हती, शिक्का मारणाऱ्याची होती. आपला, मादे रेंतिन." पाठवण्यापूर्वी त्यांनी मला विचारले, "पाक गुरू, तुमची ती क्षमायाचना... खेकड्याच्या पायांची... ती खाली जोडली तर चालेल?"

मी ती जोडून दिली. सदतीस ओळी एकट्या माझ्यासाठी तशाही जास्तच होत्या.

मंगळवारी पहाटे बदल स्वीकारला गेला. ओत्सोने लिहिले: "प्रिय ई-ई, अभिनंदन. तुमची पहिली भर आता मूळ प्रतीत सामावली आहे." तो माणूस नाही हे ठाऊक असूनही मी आभार मानले, मातोश्रींचा विषय मात्र टाळला. दहा वाजता जेरो मांग्कू लगबगीने माझ्या दारी आले.

"पाक गुरू, बरं झालं भेटलात. त्या रविवारी काळ आहे. फोननं आत्ताच सांगितलं. म्हटलं, तुमच्या कानावर घालावं."

मी म्हणालो, "आपले उपकार झाले."

स्वयंपाकघरातून पत्नी म्हणाली, "त्या रविवारनंतरच्या मंगळवारी श्री आहे. मी पहिल्यापासून म्हणत होते, श्रीच हवा."

जेरो सांगिंगना मंगळवार कळवला गेला. विधी मंगळवारीच झाला. लुहने दातांत उसाचे पेर धरले होते; आजीने तिचे डोके धरले होते. मी पायथ्याशी बसलो होतो, आणि कानशीच्या प्रत्येक घासाबरोबर मनात वार मोजत होतो. श्री होता. किती वेळा मोजला तरी श्रीच होता. विधी आटोपल्यावर लुहने आरशात पाहिले, जिभेने दात चाचपले, आणि मला फोनवर भर घालणाऱ्यांची यादी दाखवली. तीत मादे रेंतिन यांचे नाव वर होते, कारण त्यांच्या दोन नोंदी होत्या: एक तक्रार केल्याची, दुसरी मागे घेतल्याची. खाली बारीक अक्षरांत ई-ई नेंगाह होते.

दोनशे दहा दिवसांनी गालुंगान पुन्हा आला. सणाआधीच्या सोमवारी मी ओसरीवर ताडपत्रांना तेल लावीत बसलो असता पत्नी फोन घेऊन आली.

"ब्ली, हा अडकलाय. रविवारी काळ, आज सोमवार तरी काळच."

"तो उद्याही काळच दाखवील," मी अत्यंत समाधानाने म्हणालो. "ते मीच..."

"तुम्ही राहू द्या. मागच्या वेळी गावाला कुलूप लागलं. मी मादे रेंतिनना सांगते, त्यांचं तिकडं ऐकतात."

आणि ती भिंतीकडे निघालीसुद्धा. माझ्या वयास न शोभेल अशा वेगाने मी तिच्या मागे धावलो; ताडपत्राची दोरी माझ्या पायात गुंतली होती. मी पोहोचेपर्यंत तिने सारे सांगून टाकले होते. पलीकडे कोंबड्याच्या मांड्या चोळण्याचा आवाज थांबला.

"दादोंग," रेंतिन यांचा आवाज आला, "ते नियमाप्रमाणं आहे. वर्षाचे दोन दिवस उरतात, ते काळाच्या खणात ठेवतात. कुणी हात लावायचा नाही. लेखी आहे."

पत्नीने फोन कमरेला खोचला आणि माझ्याकडे वळून पाहिले.

"बघा," ती म्हणाली. "किती माहिती आहे त्यांना. तुम्हीही विचारत जा कधी."